तिच्या नावाचा शेवटचा रिटर्न

"भाऊ, तुमी थांबा. बाईले बोलू द्या," असं म्हणून तो चष्मा कपाळावर सरकवायचा. भद्रावतीच्या बसस्टँडसमोर लोकांचे टॅक्सचे रिटर्न भरून द्यायचा तो. मेला. तिथं आता रसवंती आहे. नवरा-बायको दोघंही समोर बसल्याशिवाय तो लॅपटॉप उघडत नसे. असा तिरसट माणूस तुमच्याही गावात असेल.

फॅक्टरीतून रिटायर झालेले आम्ही सगळे एकच डोकं चालवायचो. मीही चालवलं.

"मायी पेन्शन टॅक्सात येते. हिची सूट रिकामीच पडली हाये. मायं थोडं तिच्यात टाका ना."

"सूट म्हंजे का गंजातलं वरन हाये, इकडचं तिकडं ओताले?"

माझी बायको फिसकन हसली. मला राग आला. मग त्यानं तिला विचारलं, "बाई, तुमच्या नावानं एफडी हाये. पैसे कोनाचे?"

"कोनाचे म्हंजे? घरचेच," मी म्हणालो.

"तुमाले नाई इचारलं."

"माये हायेत," ती म्हणाली. "ब्लाउज शिवून जमवले."

"मंग व्याजबी तुमचंच. भाऊनं देल्ले असते त व्याज भाऊच्या कमाईत धरलं असतं."

त्या दिवशी परतताना ती बसमध्ये माझ्याआधी चढली आणि खिडकीशी बसली.

मग तिचं दुखणं निघालं. दवाखान्याच्या धावपळीत, व्याजावर टॅक्स कापू नका असा फॉर्म बँकेत द्यायचा राहिला. बँकेनं कापला. परत मिळवायचा तर रिटर्न भरावा लागतो, माणूस गेलं तरी. वारसानं भरायचा.

मी गेलो, तर तो सवयीनं बोललाच. "बाई कुठी हायेत? बलावा."

मी तिच्या मृत्यूचा दाखला आणि पॅन कार्ड टेबलावर ठेवलं. त्याच्या कपाळावरचा चष्मा खाली आला.

"कवा?"

"होळीच्या आंधी."

त्यानं कागद घेतले, वारस म्हणून माझं नाव लावलं आणि त्याला टॅक्स खात्याची मंजुरी आल्यावर मला बोलावलं.

"भाऊ, फोनवर नंबर आला असन. तेवढा सांगा, का झालं."

रिटर्न पक्का करायचा ओटीपी नंबर आला होता. दिसतही होता. मी फोन मुठीत धरून बसलो. तो सांगितला की तिचं या जगातलं शेवटचं काम उरकणार, आणि उरकणारा मी.

नंबराची वेळ संपली. मागं थांबलेला एकजण कुरकुरला, "बुढ्याले दिसत नसन. वाचून द्या ना कोनी."

"दिसते त्याले. तू भाईर थांब!" तो खेकसला. मग मला हळूच म्हणाला, "दुसरा मागवतो."

दुसराही मी जाऊ दिला. त्यानं तिसरा मागवला. पण या वेळी नंबर विचारला नाही.

"बाईच्या हातचे ब्लाउज अजून कोन कोन घालते, भाऊ?"

मी सांगत गेलो. शेजारीण. भाजीवाली. माझी सून, ती तर दुसऱ्याचं शिवलेलं अंगाला लावत नाही. सांगता सांगता मूठ कधी उघडली कळलं नाही. मी नंबर वाचला.

त्यानं बटण दाबलं. झालं, असं म्हणाला नाही. तिचं पॅन कार्ड आपल्या सदऱ्याला पुसलं, उभा राहिला, आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं.