दुसरं गिऱ्हाईक

साराजेवोच्या तांबट गल्लीत निहादासारखी भिंगरी दुसरी नव्हती. एका जागी बूड टेकेल तर शपथ! तिचा बाप सेय्फुदिन चाळीस वर्षं त्याच तिपाईवर बसून कॉफीची लांब दांड्याची भांडी ठोकत होता, दिवसाला दोन. दोनाची चार करावीत असं त्याला कधी वाटलं नाही. निहादाला मात्र झोपेतही चारशे दिसायची.

आणि त्या दिवशी खरंच चारशे चालून आली होती. व्हिएन्नाच्या हॉटेलांचा खरेदीदार दहाला येणार होता. सहा महिने फोन करकरून तिने त्याला वळवला होता. ही ऑर्डर मिळाली की स्वतःची कंपनी! नमुन्यांचं खोकं आणायला ती घरी धावली आणि नेमका तेवढ्यात तो येऊन गेला.

"कुठाय तो ऑस्ट्रियन?"

"समोरच्या रागिबकडे धाडला," बाप म्हणाला. "आपली भवानी सकाळीच झाली. रागिब बिचारा तसाच बसून होता."

निहादाने कपाळावर हात मारला. "बाबा, ते काय गिऱ्हाईक होतं? माझं नशीब होतं ते!"

"असेल. पण दारात आलं ते आजचं दुसरं म्हणूनच ना?"

गल्लीचा रिवाजच तो, आपली भवानी झाली की पुढचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे. ती तडक समोरच्या दुकानात घुसली. रागिबकाका खुशीत कल्हई करत होते. "एक घेतलं गं त्याने! मग म्हटलं, आता हुस्नियाकडे जा, त्याची व्हायचीय अजून." हुस्नियाने त्याला आणखी पुढे हाकललं होतं. सात दुकानं, सात भांडी! चारशेचं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. सगळी गल्ली खूश आणि हिचा जीव टांगणीला.

पुलापाशी तिने त्याला गाठलं. सात पुडकी सांभाळत तो टॅक्सी शोधत होता.

"तुमच्यात मला माल विकायची कुणाची तयारीच दिसत नाही," तो वैतागून म्हणाला.

"माझी आहे," ती धापा टाकत म्हणाली. पुलाच्या कठड्यावरच कागद ठेवून दोघांनी सह्या केल्या.

दुकानात आली ती नाचतच. "बाबा, तुम्ही, रागिबकाका, सगळ्यांनी मिळून ठोकायचं. बाकीचं मी बघते."

बापाने हातातलं भांडं उलटं केलं. बुडाशी त्याचा शिक्का होता. गल्लीत ज्याचा त्याचा वेगळा असे. "आणि या चारशेंवर कुणाचा?"

"माझ्या कंपनीचा. सगळ्यांवर एकच."

सेय्फुदिनने हातोडा खाली ठेवला. "मग ठोकेही कंपनीलाच मारू दे, बाळ."

त्याने आवाज चढवला असता तर ती भांडली तरी असती. तिला भयंकर राग आला, त्याचा आणि स्वतःचाही. डोळे पुसत तिने झेनित्सा शहरातल्या पत्रा दाबणाऱ्या कारखान्याला फोन लावला.

"हो, चारशे," ती म्हणाली. "आणि हातोडीच्या खुणा यंत्रानेच पाडून द्या. अगदी खऱ्यासारख्या दिसल्या पाहिजेत."

बाप दोन्ही हात मांडीखाली दाबून ऐकत होता.