भिंतीच्या पोटात

सुकदेव आबांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी आमच्या गादीत हात घातला म्हणून. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी माझी धुळ्याहून जळगावच्या शाळेत बदली झाली आणि कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या मागे, भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत बिऱ्हाड मिळालं. हमाल आमची नवीकोरी गादी उतरवत होता. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून एक उंच, वाळका माणूस उठला, जवळ आला, गादीची शिवण बोटांनी उसवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. माझी बायको माझ्याकडे बघत राहिली. हात बाहेर आला तेव्हा मुठीत काळपट, गुठळ्या झालेला जुना कापूस होता.

"वरला थर बठ्ठासना, सगळासनाच, चांगला ऱ्हास, भाऊ," ते अहिराणीत म्हणाले. "पोटमा देखनं पडस."

आबा त्या जिनात कापसाचे पारखी होते. शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या की वरचा पांढराशुभ्र कापूस ते बघतही नसत. बाही वर करून खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसायचे आणि तळाचा कापूस ओढून काढायचे. तो कधी ओला निघे, कधी किडका, तर कधी हाताला दगड लागे. अशी कैक वर्षं गेल्यावर माणूस भोळा राहील कसा? गव्हाच्या पोत्यात हात, दुधाच्या कासंडीत बोट, शिंप्याने दिलेल्या सदऱ्याची कॉलर उलटी करून आतलं कापड. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "लगीनमा यासनी अंतरपाट उचलीसन देखेल व्हतं, नवरी तीच शे का दुसरी." आबांनी ते ऐकलं आणि नाकारलं नाही.

मूळचे ते पिंपळनेरकडचे. जळगावात जन्म गेला तरी स्वतःचं घर नव्हतं. आमचा घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नसे. अक्काची लुगडी दोरीवर, आरसा पेटीवर, देव फळीवर. अक्काला दागिन्यांची हौस नव्हती. तिचं मागणं एकच होतं, स्वतःची भिंत: "मनी भित पाहिजे. खुंटी ठोकाले कोनले इचारनं नको." त्यासाठी आबांनी लढाईच्या काळापासून पोटाला चिमटा घेऊन पोस्टात पैसे टाकले होते. अख्ख्या जगात त्यांचा भरवसा होता तो तेवढा पोस्टावर, कारण पोस्टमास्तर त्यांच्या देखत शिक्का मारी.

घरही ठरलेलं होतं. मागच्या गल्लीत सावद्याच्या वामननानांचं धाब्याचं घर होतं, पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंतींचं. नाना केळीवाले, त्यांचा सगळा कारभार सावद्याला, म्हणून हे घर विकायचं होतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी खरेदी शुभ मानतात. त्या दिवशी नाना जळगावला येत, त्या घराच्या ओट्यावर बसत आणि आबा समोर बसत. दोघांच्या हातांवर एक उपरणं टाकलं जाई. बाजारातली जुनी रीतच ती: तोंडाने भाव बोलायचा नाही, उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबायची. इथे एक बोट म्हणजे एक हजार.

पहिल्या आखाजीला नानांनी तीन बोटं दाबली. आबांच्या पोस्टात बरोबर तेवढे होते. पण लढाईआधी शेजारचं तसंच घर दोनला गेलेलं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी दोन बोटं दाबली, नानांनी मान हलवली, चहा झाला आणि दोघे उठले.

"लढाई सरनी, आते भाव उतरतीन," आबा मला म्हणाले. "नाना देखी ऱ्हायना मना चेहरा. मी गरज दखाडसू का त्याले?"

पुढच्या आखाजीला बोटं चार झाली. आबांना वाटलं, कुणी दलाल मध्ये शिरलाय. दोन दिवस ते गल्लीच्या तोंडाशी बसून कोण येतं-जातं ते बघत होते. त्यातल्या एका दिवशी मीही बसलो, आणि खरं सांगतो, एका टोपीवाल्याचा मलाही संशय आला. तो पोलिओने पाय गेलेल्या मुलाला घेऊन वैद्याकडे चालला होता.

मग सरकारने रुपयाची किंमत उतरवली. मी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. मलाही त्यातलं अर्धंच कळलं होतं, पण मास्तर असल्यामुळे समजावून सांगणं भाग होतं. आबांनी कमरेच्या चंचीतून एक रुपया काढून ओट्याच्या फरशीवर वाजवला.

"हाऊ देख. काल सोळा आना व्हतात, आज बी सोळाच शेत. सरकारनी काय काटी लिधं?"

"आबा, नाणं तेच आहे," मी म्हणालो, "पण पूर्वी याला जेवढी ज्वारी यायची तेवढी आता येते का? याचं पोट रिकामं होत चाललंय."

ते हसले. वर्षानुवर्षांच्या शेजारात मी त्यांना हसताना फार थोड्या वेळा पाहिलं. "रुपयाले पोट नही ऱ्हास, मास्तर," ते म्हणाले. ज्वारी महागली तर त्याला वाणी लबाड. कापड महागलं तर गिरणीवाला लबाड. घर महागलं तर नाना लबाड. दूध, तेल, वैद्य, न्हावी, सगळ्यांच्या पोटात त्यांनी हात घालून पाहिला, पण चंचीतल्या त्या रुपयावर कधी संशय घेतला नाही. मला त्यांचा राग येई आणि कीवही येई.

पुढे नाना पाच बोटांवर गेले. आणि मग एक वर्ष असं आलं की बाजार एकाएकी बसला. कापसाचे भाव कोसळले, जिनाच्या आवारात गाड्या दिसेनात. नानांना मुलीचं लग्न काढायचं होतं आणि हातात रोकड नव्हती. आखाजीला ते आले, उपरणं टाकलं आणि तीन बोटं दाबली.

अक्का त्या घराच्या दारात उभी होती. आबांचा चेहरा पाहून तिला वाटलं, झालं. मलाही तसंच वाटलं. पण आबांनी हात काढून घेतला आणि ते उठले. पाचाचं घर तीनला कोण देतो? ते नानांच्या घरात शिरले, मागच्या खोलीतल्या भिंतीपाशी उकिडवे बसले आणि कोपऱ्यातली पहार घेऊन त्यांनी भिंत उकरायला सुरुवात केली. भिंतीच्या पोटात उधई, म्हणजे वाळवी असणार, म्हणून माल स्वस्त झालाय, असं त्यांचं गणित. कोपरापर्यंत हात जाईल एवढं भोक पडलं, तेव्हा नाना दारात आले.

"आबा, ही भिंत माह्या बापानं सोताच्या हातानं घातली," ते एवढंच म्हणाले. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, घराला कुलूप लावलं आणि निघून गेले. पुढे कित्येक आखाज्या ते आलेच नाहीत. आबांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं की राग आला म्हणजे नक्की उधई आहे.

वर्षं गेली. नवे पैसे आले आणि आबांच्या संशयाला नवं कुरण मिळालं. आण्याचे सहा पैसे की सव्वासहा, आणि तो पाव कोणाच्या खिशात जातो, यावर ते वाण्याशी रोज भांडत. पाव पैशावर त्यांची नजर होती. व्याज घरखर्चात जाई, पोस्टातले तीन हजार मात्र आकड्याने तीन हजारच दिसत होते, म्हणून ते निर्धास्त होते. त्या घराला तोवर लोक आठ सांगू लागले होते.

मग आबांना दम्याने गाठलं. जिनातली नोकरी सुटली, औषधपाणी सुरू झालं, पोस्टातल्या पैशाला पाय फुटले. आखाजीच्या सुमारास नाना अचानक समाचाराला आले. आत येण्याआधी त्यांनी मला ओट्यावर थांबवून हळूच विचारलं, "मास्तर, आबाजवळ आता किती उरले?" मी सांगितलं, दोन. नानांनी मान डोलावली.

आबा खाटेवर गोधडी पांघरून पडले होते. नाना शेजारी बसले, आणि इकडची तिकडची चौकशी करता करता त्यांनी गोधडीखाली हात घातला. दोन्ही म्हातारे एकमेकांकडे बघत होते. आबांनी झटकन हात मागे ओढला.

"मास्तर," त्यांना धाप लागली होती, "जाय, भित देखी ये. पोटमा काहीतरी शे."

नानांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी गेलो. ते भोक तसंच होतं. मी बाही वर करून आत हात घातला, चाचपलं, मूठभर माती काढून आणली. कोरडी, घट्ट, एकजीव माती. ती आबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटांनी चुरून पाहिली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू बी त्यानाच कडना शे," ते म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी किती माणसांवर संशय घेतला असेल. हा एक अगदी खरा होता: ओट्यावर नानांना आकडा मीच सांगितला होता. आबांनी चाचपडत नानांचा हात पुन्हा गोधडीखाली ओढला. काय दाबलं ते मला दिसलं नाही. नाना उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते अक्काला म्हणाले, "दोनला ठरलं."

खरेदीखत होईपर्यंत आबा राहिले नाहीत. नानांनी शब्द पाळला आणि घर अक्काच्या नावावर झालं. गवंडी ते भोक बुजवायला आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने मातीचा गोळा उचलला, तशी अक्का पुढे झाली. आयुष्यात कुणाच्या पोत्यात बोट न घातलेल्या त्या बाईने पदर खोचला, भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि आत सगळीकडे फिरवून पाहिला.

"देखी लिधं," ती म्हणाली. "आते बुजी टाक. आनि आठेच, या भितले, एक खुंटी ठोकी दे."