ताईची जड फाईल

धाकट्यानं बटण दाबलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि कुठंही काहीही वाजलं नाही. तिथंच घोटाळा झाला. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाला वाटतं, की काही चुकलं तर निदान कुठंतरी खट्ट होईल, दोर करकरेल, एखादा दिवा लाल होईल. इथं उलट लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली 'अभिनंदन' असं लिहून आलं. धाकट्याचं शेवटचं अभिनंदन त्याच्या लग्नात झालं होतं, त्यामुळं तो जरा फुलला.

"झालं?" आरामखुर्चीतून ताईनं विचारलं. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर थेंबांची संपत आलेली बाटली. परवाच मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरांनी चार दिवस पडद्याकडं पाहायला सक्त मनाई केली होती. नाहीतर ताईचं पुस्तक बाहेर काढायच्या बटणाला हात लावायची कुणाची छाती होती?

"झालं! अभिनंदन आलं."

"दोन फाईली होत्या. पुरी झालेली घातलीस ना?"

"तर! दोन्हींचं नाव सारखं, पण एकीचं वजन जास्त होतं. जास्त वजनाची घातली."

ताई यावर काही बोलणार होती, पण थेंबांची वेळ झाली होती आणि डोळ्यात थेंब पडताना तीसुद्धा गप्प बसते.

धाकट्याचं म्हणणं त्याच्या परीनं बरोबर होतं. लिफ्टचा डबा ज्याच्या जोरावर वरखाली होतो, ते दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन रिकाम्या डब्याहून नेहमी जास्त असतं. जड ते पुरं, हलकं ते अर्धवट, हे तो वयाच्या अठराव्या वर्षापासून मानत आला होता. पुस्तकं वेगळ्या हिशेबानं पुरी होतात, हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. बत्तीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "दिवसभर इतक्या लोकांचं ऐकून घेतल्यावर घरी आणखी एक कशाला?" बोर्डावर बसल्या बसल्या ती भीतीच्या कादंबऱ्या लिहायला लागली. पहिली कादंबरी एका प्रकाशकानं चार वर्षं ठेवून घेतली आणि 'बायकांनी कौटुंबिक लिहावं' अशा चिठ्ठीसह परत पाठवली. पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, बाकीची पानं कोरी करकरीत.

"कुणी वाचलंच नाही म्हणायचं," धाकटा हळहळला होता.

"निदान कपानं वाचलं," ताई म्हणाली, आणि त्याच आठवड्यात तिनं निवृत्तीच्या भेटीत मिळालेलं घड्याळ बाजूला सारून टेबलावर लॅपटॉप ठेवला. साठी जवळ आलेल्या बाईनं मुखपृष्ठ करायला शिकावं, अक्षरं जुळवायला शिकावं, पुस्तक स्वतःच जगापुढं मांडावं, याचं सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं. म्हणजे "आता हे काय नवीन?" असं सगळ्यांनी विचारलं. पहिलं पुस्तक बाहेर पडलं त्या दिवशी ताईनं बटण दाबलं, फोन बंद केला, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि दोन दिवस कपाटाच्या त्या बाजूला फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी फोन काढला तेव्हा अकरा अनोळखी माणसं घाबरली होती. ताईला धन्य धन्य वाटलं.

आता हे आठवं पुस्तक. मधल्या काळात अंगठ्याच्या सांध्यानं दगा दिला, तशी ती बोलून लिहायला लागली. फोन पुढ्यात ठेवायचा, ती बोलणार, तो टंकणार. फोन बिचारा प्रामाणिक. त्याला काय कळतं, कोणतं वाक्य भुताचं आणि कोणतं घरातलं? ताईची खोली स्वयंपाकघराला लागून. तेव्हा तो सगळंच टंकायचा. मग तीन आठवडे बसून ताई त्यातून घर वेचून काढायची, तांदळातून खडे वेचावेत तसं. वेचून उरलेली फाईल अर्थातच हलकी व्हायची.

साडेपाचला ताईच्या फोनवर पहिला निरोप आला. पुस्तक आगाऊ मागवून ठेवलेल्या दोनशे सहा वाचकांना ते तासाभरात आपोआप पोचलं होतं. धाकट्यानं निरोप मोठ्यानं वाचला, "'ताई, तिसऱ्या प्रकरणात गॅस बारीक करायला सांगणारी ती बाई कोण? ती जिवंत आहे का? अंगावर काटा आला.'"

"कुठली बाई?" ताई खुर्चीत ताठ झाली. "माझ्या पुस्तकात गॅस नाही. धाकट्या, फोनला तिसरं प्रकरण वाचायला लाव."

फोनमध्ये वाचून दाखवणारा एक आवाज होता. त्याला सुख ना दुःख, लाजही नाही. त्यानं सरळ सुरू केलं, "लिफ्ट थांबली. त्या इमारतीत तेरावा मजला नव्हता. त्यानं दाराच्या फटीत बोटं घातली आणि वन्सं गॅस बारीक करा हो दूध उतू जाईल पलीकडून कुणीतरी ती बोटं धरली."

धाकट्यानं तो आवाज बंद केला.

"जास्त वजनाची," ताई हळूच म्हणाली. "गाढवा, त्यात अख्खं घर आहे."

"वाचकांना आवडलंय की पण," धाकटा चाचरत म्हणाला, आणि वाक्य संपायच्या आत त्याच्या ध्यानात आलं. अख्खं घर. म्हणजे अकरावं प्रकरणसुद्धा.

ही कादंबरी लिफ्टची होती, म्हणून ताई त्याला बारीकसारीक विचारायला बसवायची, फोन चालू ठेवून. अकराव्या प्रकरणाच्या वेळी तिनं विचारलं होतं, "डब्याच्या छतावर उभं राहून अंधारात काम करताना कसं वाटतं रे?" आणि धाकट्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं होतं. चार महिन्यांपूर्वी तो असाच छतावर उभा असताना ब्रेक सुटला आणि डबा दोन हात वर सरकला. फक्त दोन हात. खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून लिफ्टचं दार उघडलं, की मांडीपासून खालचे पाय कुणीतरी काढून घ्यायचं. आत जोडीदार जायचा, हा जिन्यानं बारा बारा मजले चढून वरच्या यंत्रापाशी उभा राहायचा. घरीसुद्धा सातव्या मजल्यावर जिन्यानंच. "वजन कमी करतोय," तो सांगायचा. साहेब तर त्याचं उदाहरण इतरांना द्यायला लागले होते.

हे सगळं त्या फाईलमध्ये होतं. आणि शेवटी हेही होतं, की "आमच्या मास्तरीणबाईंना सांगू नकोस हं. ती वर्गात पोरांना सांगते, आमचे हे कशालाच भीत नाहीत."

मास्तरीणबाई म्हणजे धाकट्याची बायको. पहिलीच्या वर्गाची शिक्षिका, आणि नणंदेची पहिल्या नंबरची वाचक. आगाऊ मागवणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव सगळ्यांत वर असायचं.

"बरोबरची चढवतो," धाकटा लॅपटॉपवर तुटून पडला. घाईत हलकी फाईल तीनदा निसटली. चौथ्यांदा हिरवी खूण आली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की बदल नव्या वाचकांसाठी आहे; ज्यांच्याकडं पुस्तक पोचलंय त्यांच्याकडं जुनंच राहील. घरातलं इंटरनेट बंद करावं, असं त्याच्या मनात आलं. मग, तिचा फोन पाण्याच्या बादलीत पडला तर? तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. ब्रेक किंचित चिरकला. आपल्याच कंपनीची लिफ्ट, आपणच बसवलेला ब्रेक, आणि छातीत धडधड आपल्याच.

मास्तरीणबाई आत आल्या त्या नाकासमोर फोन धरूनच. चपला दारात दोन दिशांना.

"वन्सं! मला पुस्तकात घातलंत तुम्ही! बसमध्ये सुरू केलं, उतरायचा थांबा चुकणार होता. दूध काय, टॉवेल काय!" मग नवऱ्याकडं वळून, "बघा, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून मी ओरडते ना, ते आता दोनशे घरांत वाचतायत."

"कितवं प्रकरण?" धाकट्यानं विचारलं. आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा आला.

"सातवं संपलं. इथं बसा माझ्याजवळ, मला एकटीला भीती वाटते."

तिनं त्याचा हात धरला आणि आठवं उघडलं. नवरा-बायको एका कोचावर बसली, दोघांचे हात घामानं ओले, आणि एकमेकांच्या भीतीचा एकमेकांना पत्ता नाही. तिला तेराव्या मजल्याची भीती, त्याला अकराव्या प्रकरणाची. पहिलीचे पेपर तपासून तपासून तिला पानं सपासप उलटायची सवय. आठवं गेलं. नववं गेलं. दहाव्यात ती एकदा किंचाळली आणि धाकटा तिच्याहून मोठ्यानं किंचाळला.

"तुम्ही कशाला ओरडताय? तुम्ही तर वाचतही नाही!"

आरामखुर्चीतून ताई काळ्या चष्म्याआडून सगळं ऐकत होती. आवाज ऐकण्यात तिची बत्तीस वर्षं गेली होती. ती मागं एकदा म्हणाली होती, "घाबरलेला माणूस बोर्डावर कधी किंचाळत नाही. तो विचारतो, भेटायची वेळ काय? स्वेटर आणू का? तेवढ्यावरून ओळखायचं."

"चहा करू का?" धाकटा विचारत होता. "पंखा वाढवू? खिडकी लावू?"

ताईनं स्वतःशीच मान डोलावली.

अकरावं उघडलं. मास्तरीणबाईंचा उलटणारा अंगठा थांबला. त्यांनी पान वाचलं, परत मागं नेलं, परत वाचलं. हात सोडला. धाकट्याला वाटलं, ब्रेक सुटला; आता दोन हात, की पार टोकापर्यंत, तेवढंच बघायचं.

"हे तुम्ही," ती म्हणाली. प्रश्न नव्हता.

पुस्तक आहे, काल्पनिक आहे, ताईची कल्पनाशक्ती, असं म्हणायची वाट अजून मोकळी होती. धाकट्यानं तोंड उघडलं. घशातून आलं ते एवढंच, "हो."

"चार महिने?"

"हो."

"माझं टॉवेलवरचं बोलणं छापून येतं, आणि एवढं मोठं तुम्ही माझ्यापासून लपवता? मी समोरच्या बाईला सांगत होते, आमच्यांनी पोट कमी केलं!" तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "एकटे एकटे बारा मजले चढत होतात?"

"काय सांगू? लिफ्टवाला लिफ्टला भितो? लोक हसतील. तू वर्गात सांगतेस ना, हे कशालाच..."

"सांगते. मूर्ख आहे मी." तिनं पदरानं चष्मा पुसला. "अर्धा वर्ग बाथरूमला एकटा जात नाही माझा. त्या पोरांना तुमचं शौर्य ऐकवून मी काय मिळवलं? उद्या सांगते, आमचे हेसुद्धा घाबरतात, आणि ते चांगले मिशीवाले आहेत."

"वर्गात?" धाकटा नव्यानं घाबरला.

"सगळ्या वर्गात. आणि परवा रविवार आहे. मी येते तुमच्याबरोबर लिफ्टमध्ये, हात धरून. पहिल्या मजल्यापर्यंत. पोरांना मी असंच नेते, आधी दारापर्यंत, मग कडीपर्यंत."

ती डोळे पुसत आत पाणी प्यायला गेली. धाकट्याचे पाय थरथरत होते, पण मांडीखाली होते. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला ते आपले वाटले.

तेवढ्यात फोनवर निरोपांची रीघ लागली. टॉवेलवाली बाई शेवटी मरते का, असं एकानं विचारलं होतं. एकजण बँकेच्या तिजोरीवर पहारा करायचा. त्यानं लिहिलं होतं, 'तो लिफ्टवाला मला फार जवळचा वाटला. मीही अंधाराला भितो, अजून कुणाला सांगितलं नाही.' धाकट्यानं तो निरोप दोनदा वाचला. मग खुर्चीजवळ स्टूल ओढून बसला. माणूस एकदा उघडा पडला की त्याला थोडी हौसही येते.

"ताई, नव्या फाईलमधून मी गेलो ना?"

"गेलास. दूध गेलं, टॉवेल गेला, सगळं गेलं."

"नाही म्हणजे... दुधाचं परत घालणार आहेस?"

"ते ठेवणार. बरं जमलंय. मला सुचलं नसतं."

"मग माझंही ते तेवढं राहू दे की पुस्तकात," धाकटा मान खाली घालून म्हणाला. "लोकांना आवडलंय."

ताईनं थेंबांची बाटली कानाशी नेऊन हलवली. आत काही वाजलं नाही. औषधाचं दुकान तळमजल्यावर होतं. तिनं रिकामी बाटली त्याच्या हातात ठेवली.

"आधी लिफ्टनं खाली जाऊन ही नवी घेऊन ये."