न घातलेला शर्ट

मावशीच्या इस्त्रीच्या दुकानात जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा चालत, फक्त कपड्यांवर नाही. लोक निर्धास्तपणे गाठोडी टाकून जात. त्यांत न निघालेले डाग असत, एखाद्या कॉलरला परक्या घरची पावडर असे. मावशी बघे, कपडा उलटा करी आणि इस्त्री फिरवी. बाहेर चकार शब्द नाही.

हा नियम तिने एकाच माणसासाठी मोडला. बहिणीला कारखान्यात दुपारची पाळी असे, म्हणून भाची शाळेतून थेट दुकानात येई. पोर गुणी, पण हात स्वस्थ नाहीत. एकदा तापलेल्या इस्त्रीला बोट लावून बसली. तेव्हापासून मावशी तिला स्टुलावर बसवून गोष्टी सांगू लागली. राजाराणीच्या तिला येत नव्हत्या. समोर होते ते कपडे.

"हे बटण बघ. शर्ट पांढरा, दोरा काळा. कोणी लावलं असेल?"

"आंधळ्याने!"

"अगं, नवऱ्याने. बायको रुसलीय त्याची."

"का रुसली?"

"आली आमची चौकशी खिडकी! ते पुढच्या धुण्यात कळेल."

पोरीचं नावच मग चौकशी पडलं. मावशी कोणाचं नाव मात्र कधी घेत नसे. एक होता निळ्या रेघांचा शर्ट. तो दर आठवड्याला येई, समोरच्या इमारतीतल्या शिक्षिकेकडून. नवरा परदेशी आहे, कधीही येईल, असं ती सांगे. शर्टाच्या कोपराला चुणी नाही, काखेत घाम नाही. होत्या त्या फक्त घडीच्या रेघा. मावशीने एवढंच सांगितलं, "हा शर्ट कोणी घालत नाही गं. नुसता ये-जा करतो." चौकशी त्या दिवशी 'का' म्हणाली नाही. शर्टाकडे बघत राहिली.

मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली आणि लिहू लागली. पुस्तक आलं, त्याला बक्षीस मिळालं. सभागृहात मावशी नवी चप्पल घालून दुसऱ्या रांगेत बसली होती. बहिणीच्या कानाशी लागून म्हणाली, "माझं नाव घेईल का गं ही?"

"घेईल की. पण तू रडू नकोस."

चौकशीने नाव घेतलं. दुकान कुठल्या गल्लीत आहे तेही सांगितलं. "मी लिहायला शिकले ती मावशीच्या इस्त्रीच्या टेबलापाशी. या पुस्तकातला एकेक कपडा तिथून आलाय." टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीला उभं केलं. ती रडली, हसली, परत रडली. इतकी वर्षं पाठ मोडून इस्त्री केली, पण असा मान कोणी दिला नव्हता.

बातमी छापून आली आणि गल्लीने पुस्तक वाचायला घेतलं. जे त्यात होते त्यांनी स्वतःला ओळखलं. जे नव्हते त्यांनीही ओळखलं. विमा एजंट दारातूनच म्हणाला, "काय मावशी, माझ्या पँटीवर कादंबरी कधी?" हसला आणि गाठोडं घेऊन गेला. औषधवाल्याच्या बायकोने घरीच इस्त्री घेतली. मावशी प्रत्येकाला सांगत होती, "अहो, लहान पोर होतं, भाजू नये म्हणून बोलले." ऐकून घ्यायला कोण थांबतंय!

शिक्षिका सगळ्यांत शेवटी आली. पुस्तकातली सगळ्यांत लांब, सगळ्यांत गाजलेली गोष्ट तिचीच होती. टेबलावर निळ्या रेघांचा शर्ट होता, पाणी शिंपडून ठेवलेला.

"द्या तो."

"बाई, दोन मिनिटं. इस्त्री तापलीय."

"चुरगळलेलाच द्या. आता कोणाला दाखवायचाय?"

ओला शर्ट तिने बोळा करून पिशवीत कोंबला. मावशीच्या ओठांवर माफी आली होती, पण बाई निघूनही गेली.

पुढल्या महिन्यात चौकशी आली. सवयीने स्टूल ओढून बसली. टेबल रिकामं बघून म्हणाली, "आज सुट्टी घेतलीस?"

"रोजच आहे." मग मावशीने सगळं सांगितलं, शिक्षिकेचंही.

चौकशीचा चेहरा पडला. "पण मी नाव कोणाचंच नव्हतं घेतलं गं, मावशी."

"माझं घेतलंस ना."

मग चौकशीने हळूच विचारलं, "ओला शर्ट... तसाच पिशवीत कोंबला? आणि मग, जाताना वळून बघितलं का तिने?"

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं. पोर कळवळली होती, खोटं नव्हतं. पण डोळे तेच, स्टुलावरचे.

मावशीने स्वतःचा जुना गाऊन टेबलावर पसरला. काखेत ठिगळ होतं, दुसऱ्याच रंगाचं. चौकशीची नजर तिकडे वळायच्या आत मावशीने ती बाजू खाली घातली, वरून इस्त्री फिरवली आणि ठिगळ आत जाईल अशी घडी घातली.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "गरम आहे."