तिकिटावरचं दुसरं नाव

माझी मोठी जाऊ तोवर कधी विमानात बसली नव्हती, आणि त्या दिवशीही बसली नाही. पण विमानतळाच्या दारापर्यंत ती गेली, तिथल्या बाकावर दुपारभर बसली, आणि सोबत मी होते.

आम्ही भंडाऱ्याजवळ अड्याळला राहतो. सासऱ्यांच्या काळात घरात हातमाग होते. आता कापडाचं दुकान आहे, ते माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, सांभाळतात. माझे यजमान शाळेत शिकवतात. दोन्ही कुटुंबांची चूल एकच. मोठ्या जावेला मी ‘बाई’ म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मला काय येतं आणि काय येत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

बाईंची मुलगी हैदराबादला नोकरीला. तिने तिच्या ऑफिसातल्या एका तेलुगू मुलाशी लग्न ठरवलं आणि घरी फोनवर सांगितलं. भासऱ्यांना मुलगा परका असल्याचा राग जास्त आला, की मुलीने समोर येऊन न बोलल्याचा, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. ते एवढंच म्हणाले, “कर म्हणा. मी येऊन नाही राहिलो.” त्यानंतर घरात त्या लग्नाबद्दल कुणी बोललं नाही. बाईसुद्धा नाही. ती नेहमीसारखी स्वयंपाक करायची, दुकानात चहा पाठवायची. फक्त जेवायला बसली की दोन घास खाऊन उठायची, काहीतरी आणायचं राहिलं म्हणून आत जायची, आणि रिकाम्या हाताने परत यायची.

लग्न नोंदणी कार्यालयात होतं. त्याच्या दोन दिवस आधी बाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी जाऊन राहिली हैदराबादले. तू येतेस?”

मी म्हटलं, “भाऊजींना सांगितलं?”

“नाही. त्याईले सांगू, आपण नाकाडोंगरीले जाऊन राहिलो, तुह्या माहेरी.”

बाई खोटं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हो म्हटलं. माझ्या यजमानांना खरं काय ते माहीत होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, “सांभाळून जा.”

रेल्वेचं आरक्षण मिळत नव्हतं. पुतणीला फोन केला तर ती आधी रडली, मग म्हणाली, “काकू, मी विमानाचं काढते. दुपारचं आहे नागपूरहून, त्यातल्या त्यात स्वस्त कंपनीचं.” थोड्या वेळात दोन तिकिटं मोबाईलवर आली. शाळेच्या प्रशिक्षणासाठी यजमान दिल्लीला गेले होते तेव्हा मीही एकदा विमानाने जाऊन आले होते, त्यामुळे बाईंच्या लेखी मी त्यातली जाणकार. मी तारीख पाहिली, नावं पाहिली. बाईंचं नाव अगदी बरोबर होतं. घरात, गावात, सगळे तिला ज्या नावाने ओळखतात तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही एसटीने भंडाऱ्याला आणि तिथून नागपूरला आलो. बाईंच्या पिशवीत मुलीसाठी घेतलेली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी होती, हळदकुंकू होतं आणि एका डब्यात अनारसे. साडी चुरगळू नये म्हणून सगळा रस्ता तिने ती पिशवी मांडीवर ठेवली. विमानतळावर आम्ही चांगल्या वेळेवर पोचलो. दारावरच्या जवानाने माझं आधार पाहिलं, मोबाईलवरचं तिकीट पाहिलं आणि मान हलवली. मग बाईंचं आधार हातात घेतलं. एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा मोबाईलकडे.

“ये टिकट इनका नहीं है,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “इन्हीं का है.”

“नाम देखिए आप.”

मी पाहिलं. आधारवर बाईंचं माहेरचं नाव होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं वेगळं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं ते आमच्या घरचं. पण आधारचं शिबिर गावात आलं तेव्हा तिथल्या माणसाने शाळेचा दाखला मागितला, आणि दाखल्यावर जे होतं तेच कार्डावर चढलं. घरात कुणी ते कार्ड वाचलं असेल असं वाटत नाही. ज्या मुलीने तिकीट काढलं तिने तर आईचं हे नाव उभ्या जन्मात ऐकलं नसेल.

जवान उर्मट नव्हता. मागे रांग होती, त्याने आम्हाला बाजूला केलं आणि कंपनीच्या खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत एक तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, गळ्यात रुमाल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅम, बुकिंग ॲपवरून झालंय. नावाची दुरुस्ती इथून होत नाही. कस्टमर केअरला फोन करावा लागेल.”

“तुमचीच कंपनी ना?”

“हो मॅम. पण इथून नाही होत.”

मी फोन लावला. आधी भाषा निवडायला सांगितली, मग आकडे दाबायला सांगितले, मग संगीत सुरू झालं. मधूनमधून रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा की आमचा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. तिकडे पुतणी हैदराबादहून कंपनीच्या चॅटवर भिडली होती. तिथे माणूस नव्हताच. समस्या निवडा, असं येत होतं: सीट, जेवण, सामान, परतावा. आईला दोन नावं आहेत, असा पर्याय त्यात नव्हता. ती मला दर मिनिटाला मेसेज करायची, ‘काकू, काही झालं का?’ आणि मी कानाला फोन लावून खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून बाकापर्यंत फेऱ्या मारत होते.

बाई बाकावर पिशवी घेऊन बसली होती. तिने एकदाच विचारलं, “लोकं आत चालले. आपलंबी तेच विमान काय?”

“होय बाई. आहे वेळ अजून.”

शेवटी एकदाचा माणूस बोलला. आवाज गोड. “मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ, मॅम,” त्याने सुरुवात केली. एखाददुसरं अक्षर चुकलं असेल तर ते बदलता येतं. पूर्ण नाव बदललं तर तो दुसरा प्रवासी होतो, आणि तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. मी म्हटलं, बाई एकच आहे, लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं नाव वेगळं आहे, आमच्याकडे असंच असतं. तो म्हणाला, मग विवाहाचं प्रमाणपत्र मेल करा, किंवा दोन्ही नावं असलेला कुठलाही सरकारी कागद, विभाग तपासून कळवेल. कधी कळवेल? ते तो सांगू शकत नव्हता. आमची परेशानी मात्र त्याला पुन्हा एकदा समजली.

मी बाईंना विचारलं, “दोन्ही नावं असलेला कागद आहे का घरी?”

ती म्हणाली, “मांडवात झालं लग्न. कागद कायचा?” मग म्हणाली, “असन त त्याईलेच माहीत असन. कपाटाची किल्ली त्याईच्याजवळ राहते.”

म्हणजे भासऱ्यांना फोन करणं आलं. मी म्हटलं, मी बोलते. बाईंनी पिशवीतून स्वतःचा फोन काढून लावला; आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं.

“मी बोलतो,” पलीकडून भासऱ्यांचा आवाज आला. दुकानात असावेत, मागे कुणीतरी भाव करत होतं. “पोचल्या का नाकाडोंगरीले?”

“नाही. मी नागपूरले आहे. विमानतळावर. पोरीच्या लग्नाले जाऊन राहिली.”

दुकानात मागे भाव करणं चालूच होतं.

“ऐकून राहिले ना?”

“हं.”

“माह्या नावाचा घोळ झाला. तिकिटावर तुमचं नाव आहे अन् आधारवर बाबाचं. ते म्हणतात, तू दुसरीच आहेस. दोन्ही नावं असलेला कागद आहे का कपाटात?”

“नाही,” भासरे म्हणाले. मग विचारलं, “कोण म्हणते दुसरी आहेस म्हणून?”

बाई उठून खिडकीशी गेली आणि फोन सरळ त्या मुलीसमोर धरला. भासरे मोठ्याने बोलत होते. “मॅडम, ते माही बायको आहे. आधारवर आहे ते तिचं माहेरचं नाव. लग्नात नाव मीच बदलवलं. आमच्या गावात कोणालेबी विचारा.”

खिडकीतली मुलगी गोंधळली. ती काही कठोर नव्हती. “सर, मी समजू शकते,” ती म्हणाली, आणि मग बहुधा तिलाच ते वाक्य नको झालं, कारण पुढे न बोलता ती खुर्चीवरून उठली आणि आत गेली. कुणाला तरी विचारायला गेली असावी. आम्ही तिघं, दोघी खिडकीपाशी आणि एक जण फोनवर, थांबलो. ती परत आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. “तोंडी नाही चालत, सर. सॉरी.” आणि मला म्हणाली, “मॅम, तुमचं नाव बरोबर आहे. चेक-इन आता बंद होतंय. तुम्ही जाऊ शकता.”

बाईंनी ती पिशवी माझ्या हातात दिली. “तू जाय. साडी तुह्या हातानं दे तिले. घरचं कोणीतरी पाहिजे तिथं.”

मी पिशवी घेतली. दारापर्यंत गेलेही. जवानाने आधारसाठी हात पुढे केला. मागे वळून पाहिलं तर बाई माझ्याकडे पाहत नव्हती. फोन बंद झाला होता तरी तो तसाच हातात धरून ती खिडकीच्या काचेकडे पाहत होती. पुतणीने मला काकू म्हणून बोलावलं असतं तर मी गेले असते. तिने आईला बोलावलं होतं. मी जवानाला “नको” म्हटलं आणि परत आले. बाई रागावली. “काहून आलीस?” म्हणाली. तिने पिशवी ओढून घेतली आणि आम्ही दोघी बाकाच्या दोन टोकांना बसलो.

काही वेळाने एक विमान वर गेलं. ते आमचंच असावं.

पुतणी फोनवर म्हणत होती की संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं विमान आहे, आधारवरच्या नावाने काढते. बाई म्हणाली, “नको. त्या दारातून मी नाही जात आता. पुन्हा काही निघालं म्हणजे?” मी एसटी स्टँडवर विचारू, रेल्वेत जनरलने जाऊ, असं काहीबाही सुचवत होते. बसवत नव्हतं. पाणी आणलं, ते प्यायले नाही. शौचालयात जाऊन तोंड धुऊन आले, आणि लगेच पुन्हा गेले.

तेवढ्यात भासऱ्यांचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. ते माझ्याशी फोनवर कधी बोलत नाहीत.

“जेवल्या का तुम्ही?”

“नाही भाऊजी.”

“जेवा आधी. हैदराबादची ट्रॅव्हल्स संध्याकाळी निघते. आपल्या दुकानाचा माल ज्या गाडीत येते, तिच्या मालकाशी बोललो. दोन सीटा ठेवल्या, खालच्या. तिले वरच्या सीटवर चढता येत नाही. सकाळी पोचवते.” मग म्हणाले, “तिले द्या फोन.”

बाईंनी फोन कानाला लावला. ते काय म्हणाले ते मला कळलं नाही. ती फक्त “हो” म्हणाली, मग पुन्हा “हो”, आणि मग “अनारसे घेतले सोबत.” फोन देताना ती म्हणाली, “चाल. भूक लागली.”

बस सुटली तेव्हा कंपनीचा मेसेज आला: आमच्यासोबतचा तुमचा अनुभव कसा होता, पाचपैकी किती तारे द्याल? मी तो बाईंना वाचून दाखवला. तिला तारे कशाचे ते समजवावं लागलं. समजल्यावर म्हणाली, “त्या पोरीले देजो. ते उठून आत त गेली.” पण तारे पोरीसाठी वेगळे नव्हते, म्हणून मी काहीच दिलं नाही. पुढे परताव्यासाठी मी बरेच दिवस लिहीत राहिले. दर वेळी नवीन कुणीतरी उत्तर द्यायचं आणि माझी गैरसोय त्यांना समजायची. शेवटी मीच कंटाळून सोडून दिलं.

लग्नाला आम्ही वेळेवर पोचलो. पुतणीने कोशाची साडी कार्यालयाच्याच एका खोलीत बदलून नेसली. मुलगा उंच, बारीक, सारखा घाम पुसत होता. त्याची आई आमच्याशी हिंदीत बोलायचा प्रयत्न करत होती आणि बाई तिला मराठीतून उत्तर देत होती. सह्या झाल्यावर बाईंनी भासऱ्यांना फोन लावला आणि सरळ मुलीच्या हातात दिला. ती फोन घेऊन जिन्यात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा नाक लाल झालं होतं, पण हसत होती.

परत आलो तेव्हा भासरे दुकानात कापड मापत होते. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, “आल्या का,” आणि पुढचं ठाण उलगडलं. नंतर जेवताना मोबाईलवरचे फोटो मागितले. चष्मा वर करून, फोटो मोठे करून पाहिले. “पोरगा बारीक आहे,” एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात दोघं पहिल्यांदा अड्याळला आले. दुसऱ्या दिवशी भासरे एकट्या जावयाला घेऊन गोसीखुर्दचं धरण दाखवायला गेले. दुपारी परत येतो म्हणाले होते, संध्याकाळ व्हायला आली तरी पत्ता नाही. ते त्याच्याशी काय बोलत असतील, कोणत्या भाषेत, या विचाराने बाईंना चैन पडेना. ती दर थोड्या वेळाने दारात जायची, रस्ता पाहायची, आत यायची. पुतणी म्हणाली, “आई, बस ना.” बसली नाही. मलाही बसवेना. शेवटी स्कूटर वाजली. जावई मागे बसला होता, हातात मासळीची पिशवी, केसांपासून पँटपर्यंत सगळा ओला. भासरे उतरले आणि बाईंना म्हणाले, “याले पोहता येते.”