लांब शॉकअपची दूधगाडी

सरळ रस्त्यावर गुंडप्पाला मागं टाकणारा माणूस आष्टी तालुक्यात जन्मला नव्हता; भानगड फक्त वळणाची होती.

दुष्काळाच्या त्या साली गावाची जनावरं छावणीत, आणि छावणीतलं दूध सहकारी संस्थेच्या शीतकेंद्रावर पोचवायचं काम गुंडप्पाकडं. मागं दोन भरलेले कॅन लटकले की त्याची फटफटी ढुंगण टेकून बसायची, तोंड वर करायची. यावर गड्यानं काय अक्कल चालवावी? भंगारातले मोठ्या गाडीचे लांब शॉकअप पुढं बसवले! गाडी चार बोटं उंच झाली, गुंडप्पा हातभर.

"नवरदेवाच्या घोड्यावानी दिसतीय," बायको दानम्मा म्हणाली. "पण वळती का?"

कुठली वळतीय! पहिल्याच सकाळी छावणीच्या फाटकाशी त्यानं हँडल फिरवलं आणि गाडी सरळ कडूबाईच्या कडब्यात. दुसऱ्या दिवशीही तिथंच.

"रोजच येतोस तर चहापत्ती तरी आणत जा की!" कडूबाई ओरडली.

दोन्ही दिवशी निम्मं दूध सांडलं, उरलेलं उशिरा पोचून नासलं. संस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, "उद्या नासलं, की परवापासून दूध पुतण्याच्या पिकअपमध्ये." पुतण्या पिकअप धूत उभाच होता. दुष्काळात कुणाच्या पाण्यानं, ते विचारू नये.

गुंडप्पा तडक सिदू मिस्त्रीकडं गेला. सिदूनं बाभळीच्या काडीनं धुळीत रेघ ओढली.

"हँडलचा दांडा तिरपा खाली वाढवला तर जमिनीला हितं लागतो. टायर टेकतं त्याच्या मागं. मधलं अंतर जेवढं जास्त, तेवढी गाडी सरळ पळायला हट्टी. तू पुढनं उचलली, कॅननं मागनं दाबली. वळंल कावून बे?"

दोघांनी शॉकअपच्या नळ्या हँडलखालच्या पकडीतून वर सरकवल्या. गाडीचं तोंड जुन्या मापापेक्षाही दोन बोटं खाली आलं.

"हे माप भरल्या गाडीचं हाय," सिदूनं बजावलं. "रिकामी जोरात पळवलीस तर हँडल नाचंल."

तिसऱ्या सकाळी कडूबाई कडब्यापुढं हात पसरून उभी राहिली. गाडी तिच्या पदराला वारा घालून झोकात वळली. शीतकेंद्रावर सुंदरराव घड्याळ धरूनच बसले होते. दूध वेळेत, ताजं.

"वळण मी बघितलं न्हाई," ते पुटपुटले. "परत जाताना मागं बसतो."

मागच्या सीटवर, दोन रिकाम्या कॅनच्या मधे चेअरमन रुतून बसले. क्विंटलभर ऐवज! गाडी रुळावरनं चालावी तशी चालली. शिवारातलं एक अवघड वळण सहज गेलं, तसे सुंदरराव सैल झाले. "दूध तुझ्याकडंच राहू दे. थांब, हितंच उतरतो. फाटकात लोक हायेत."

"उतरू नका, आबा. तुमी हायेत म्हणून हँडल शांत हाय. मी पडलो तर उद्या दूध कोण न्यील?"

सुंदररावांनी दोन्हीकडचे कॅन घट्ट धरले. फाटकातून गाडी वळली तेव्हा छावणी उभी राहून बघत होती, आणि तिथंच पिकअप पुसणाऱ्या पुतण्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गुंडप्पा येताना शीतकेंद्रावरनं कॅन पाण्यानं भरून आणू लागला. जनावरांची सोय झाली, हँडलही नाचेना. आणि रोज रोज चेअरमन तरी कुठून आणायचे?