मोंतेपुल्चानो आणि ह्यांचं सप्टेंबरचं ट्रेनिंग

ह्यांच्या प्लांटमधल्या रोक्कोचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. म्हणाला, लव्हालहून बोलतोय, तुमच्या मिस्टरांचा वाटा माझ्या बेसमेंटमध्ये पडलाय, घेऊन जा.

"कसला वाटा?"

"विनो, सिन्योरा. वाईन."

हे जाऊन दोन वर्षं झाली. दर सप्टेंबरला लव्हालला जायचे ते प्लांटच्या ट्रेनिंगला, असं मला सांगून. रिटायर झाल्यावरही ट्रेनिंग चालूच! वर माझ्या हातचं मटण, वांगं, चटणी, काहीबाही डबाभर न्यायचे. विचारलं तर म्हणायचे, लांबून माणसं येतात. माझ्या बापानं तासगावकडची द्राक्षबाग दारूपायी घालवली, म्हणून लग्नात मी एकच अट घातली होती, बाटलीला हात लावायचा नाही. ह्यांनी देवासमोर हो म्हटलं होतं. आता खरं-खोटं बघायला जाणं भागच होतं.

आमच्या हॅमिल्टनहून लव्हाल सहा-सात तास. जाणार असाल तर सहालाच निघा, नाहीतर टोरंटोपाशी अडकाल. गाडी मुलगी रूपाली चालवत होती. किंग्स्टनला वॉशरूम, कॉफी आणि घरची थालीपीठं. पेट्रोल क्यूबेक लागायच्या आधी भरा, पुढे महाग. पुढे सगळ्या पाट्या फ्रेंच. मी म्हटलं, ह्यांना फ्रेंच येत नव्हतं, मग तिथं बोलायचे कुणाशी? रूपाली म्हणाली, "आई, डोन्ट स्टार्ट."

रोक्को ऐंशीचा, ह्यांच्याच प्लांटमधला जुना सोबती, आता लेकीजवळ राहतो. गॅरेजमध्ये द्राक्षांच्या पेट्या आल्या होत्या. इटलीहून, थंड कंटेनरमधून. द्राक्ष त्याच्या गावाकडचं, मोंतेपुल्चानो. काळंभोर, जाड सालीचं. मी एक तोंडात टाकलं, जीभ कोरडी पडली. म्हटलं, आमच्याकडं असलं द्राक्ष व्यापाऱ्यानं परत पाठवलं असतं. तो म्हणाला, खायचं नाहीच ते. त्याची वाईन करायची आणि बोकडाबरोबर, टोमॅटोच्या रश्श्याबरोबर, कडक चीजबरोबर प्यायची.

बेसमेंटमध्ये ह्यांचं फडताळ. दर वर्षाच्या सहा बाटल्या ह्यांच्या वाट्याच्या, द्राक्षं तुडवायच्या बदल्यात. मी मोजल्या. प्रत्येक वर्षाच्या पाचच होत्या.

"एक आम्ही जेवताना उघडायचो," रोक्को म्हणाला. "तो एक ग्लास घ्यायचा, बस."

पिणाऱ्याचा दोस्त दुसरं काय सांगणार?

पण प्रत्येक ओळीत एका बाटलीवर पांढरी पट्टी, आणि पट्टीवर ह्यांचं अक्षर. मराठी. रोक्कोनं माझा हात धरला. म्हणाला, इतकी वर्षं हा माणूस माझी वाईन प्यायचा आणि काहीतरी लिहायचा, विचारलं तर नुसता हसायचा. मला संशय आहे, शिव्या आहेत.

मी चष्मा लावला.

'सुमीचं मटण. फक्कड.' 'भरलं वांगं. जमतंय.' 'लसणाची चटणी. वाईन कडू लागली, चटणी जिंकली.' 'बांगडा. पुन्हा नको.'

म्हणजे माझे, ह्या सुमीचे डबे लांबून येणाऱ्या माणसांनी खाल्लेच नव्हते, ह्या दोघांनीच वाईनबरोबर संपवले होते.

"काय लिहिलंय?" रोक्को.

"लिहिलंय, रोक्कोला वाईन जमत नाही, पण माणूस बरा आहे."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग रूपालीला दया आली आणि तिनं खरं वाचून दाखवलं. चटणीपाशी मात्र तो परत रुसला.

शेवटच्या वर्षाची पट्टी मी तिला वाचू दिली नाही. 'पुढच्या वेळी सुमीला आणायचं. इथंच सांगायचं. आधी पोटभर जेवू द्यायचं.'

बाकीच्या बाटल्या तिथंच ठेवल्या, तेवढी एक आणली. घरी येऊन मटण केलं, दोन तास मंद आचेवर. ग्लासात बोटभर ओतली, आधी वास घेतला, कारण बापाच्या तोंडाचा वास मला पाठ आहे. तो नव्हता. मग एक घोट घेतला, वर रस्सा.

फक्कडच होती. बाटलीला खाली नवी पट्टी लावली: 'मटणाचं खरं लिहिलंत. आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला जेवू घातलं नसतं, हेही खरं.'

ग्लास धुऊन ठेवला. रूपालीनं तो हुंगून बघितला. आता संशय घ्यायची तिची पाळी.